वाचकांचे प्रश्न : बिलिंग विभागातील नोकरी

प्रश्न : मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. ठाण्यातील एका सीए फर्ममध्ये पाच वर्षे बिलांचे काम केल्यावर सहा महिन्यांपूर्वी मुंबईत फोर्ट भागातील एका वकिली फर्मच्या बिलिंग विभागात रुजू झालो. पहिल्याच महिन्यात एका कंपनीच्या बिलावर सवयीने १८ टक्के जीएसटी लावला आणि बिल परत आले. ती चूक माझी होती, हे मान्य. परंतु त्यानंतरही दर महिन्याला एखाददुसऱ्या बिलाला पक्षकार कात्री लावतात, पार्टनर टाइमशीट (कोणत्या कामाला किती तास दिले याची नोंद) महिना उलटल्यावर पाठवतात आणि वसुली रखडली की जाब मलाच विचारला जातो. बिलिंगवाल्याची जबाबदारी नेमकी कुठवर असते?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी जीएसटीचे पाहू, कारण सीए फर्ममधून वकिली फर्ममध्ये आलेली भली भली माणसे तिथे ठेचकाळतात. सीए फर्म आपल्या शुल्कावर स्वतः १८ टक्के कर आकारून तो सरकारजमा करते. वकिली फर्मने एखाद्या कंपनीला कायदेविषयक सेवा दिली असेल, तर कर भरण्याची जबाबदारी त्या कंपनीवर येते. यालाच आपण आरसीएम (रिव्हर्स चार्ज मेकॅनिझम) म्हणतो. बिलात कर लावायचा नाही, पण तो सेवा घेणाऱ्याने भरायचा आहे असा स्पष्ट उल्लेख मात्र करायचा.

खर्चाच्या बाबतीतही अशीच गल्लत होते. पक्षकाराच्या सांगण्यावरून, त्याच्याच वतीने भरलेले मुद्रांक शुल्क किंवा कोर्ट फी पावतीबरहुकूम, एक रुपयाही न वाढवता बिलात वेगळी दाखवली, तर ती सेवेच्या मूल्यात धरली जात नाही. तुमच्या वकिलांचा नागपूरचा विमानप्रवास आणि हॉटेलचा मुक्काम हा मात्र फर्मचाच खर्च असतो. तो पक्षकाराकडून वसूल केला तरी सेवेच्या मूल्याचाच भाग राहतो. दोन्ही रकमा ‘इतर खर्च’ या एकाच ओळीत कोंबणारी बिले मी आजही पाहतो.

आता मुख्य दुखण्याकडे वळतो. तासांवर आकारणी होते तिथे बिलाला कात्री लागते ती बहुधा दरामुळे नव्हे, तर तपशिलामुळे. ‘कागदपत्रे पाहिली, चर्चा केली, मसुदा दुरुस्त केला : ५.५ तास’ ही नोंद पक्षकार कंपनीच्या विधी विभागातील माणसाच्या जागी बसून वाचून पाहा. कोणती कागदपत्रे, कोणाशी चर्चा, कशाचा मसुदा, यांपैकी कशाचेच उत्तर त्याला मिळत नाही, आणि त्यालाही आपल्या वरिष्ठांपुढे ती रक्कम मंजूर करून घ्यायची असते. त्याऐवजी ‘भाडेकराराच्या मसुद्यातील मुदतवाढीच्या कलमात दुरुस्ती : १.८ तास’ आणि ‘त्याच कलमाबाबत कंपनीच्या वित्त अधिकाऱ्यांशी दूरध्वनीवर चर्चा : ०.६ तास’ अशा सुट्या नोंदी असतील, तर त्याच्या हाती कापण्यासारखे फारसे उरत नाही. ०.१ तास म्हणजे सहा मिनिटे, या मापाने वेळ मोजण्याची रीत अमेरिकी वकिली फर्मांमध्ये रुळलेली आहे. तिकडच्या अनेक कंपन्या तर लेडेस नावाच्या ठरावीक साच्यातच बिल मागतात आणि प्रत्येक नोंदीला कामाच्या प्रकाराचा सांकेतिक क्रमांक लागतो. तो चुकला की माणसाने वाचण्याआधीच संगणक बिल परत पाठवतो.

अशी नोंद महिन्यानंतर आठवून लिहिता येत नाही. पाच तारखेचा फोन तीस तारखेला कोणाला आठवणार? म्हणून टाइमशीटची वाट पाहत बसू नका; दर शुक्रवारी प्रत्येक पार्टनरला त्याच्या रिकाम्या दिवसांची यादी पाठवा आणि कच्चे बिल समोर ठेवताना संदिग्ध नोंदींवर खूण करून ‘कोणाशी?’, ‘कशाबाबत?’ एवढेच विचारा. (पार्टनरला हे विचारताना सूर मवाळ असावा, हे मुंबईतल्या माणसाला सांगायला नको.) नोंद मात्र स्वतःच्या अंदाजाने कधीही पुरी करू नका. ज्याने काम केले त्यानेच ते काय होते हे सांगायचे. तुम्ही रचलेला एक शब्द उद्या वादात फर्मच्या अंगाशी येऊ शकतो.

तुमची जबाबदारी तिथवरच आहे, असे मला वाटते. बिल बिनचूक असणे, ते वेळेत निघणे आणि ते योग्य माणसापर्यंत पोहोचणे हे तुमचे काम; सवलत द्यायची की येणे सोडून द्यायचे, हा निर्णय पार्टनरचा आणि तो ईमेलवर लेखी घ्यावा. वसुलीची विचारणा झाली तर प्रत्येक बिलापुढे तीन तारखा मांडा : काम संपल्याची, टाइमशीट मिळाल्याची आणि बिल पाठवल्याची. उशीर कुठे झाला ते मग वेगळे सांगावे लागत नाही. थकबाकीच्या यादीत टीडीएसही (पैसे देणाऱ्याने आधीच कापून सरकारजमा करायचा आयकर) तपासा. एक लाखाच्या शुल्कावर कंपनी १० टक्के कापून नव्वद हजार भरते. उरलेले दहा हजार ‘थकीत’ समजून पक्षकाराला स्मरणपत्रे धाडणारे लोक मी पाहिले आहेत.

प्रश्न : आमची पुण्यातील सल्लागार फर्म ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल) काढते. एका पक्षकाराच्या बंगळुरू कार्यालयाऐवजी मुंबई कार्यालयाचा जीएसटी क्रमांक पडला आणि ते तिसऱ्या दिवशी लक्षात आले. आता काय करावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : पोर्टलवर ई-इन्व्हॉइस रद्द करण्याची सोय फक्त २४ तास असते आणि त्यात दुरुस्ती तर करताच येत नाही. त्यामुळे मुंबईच्या क्रमांकावर पूर्ण रकमेची क्रेडिट नोट (आधीच्या बिलाची रक्कम वजा करणारा दस्तऐवज) काढा आणि बंगळुरूच्या क्रमांकावर नव्या अनुक्रमांकाचे बिल तयार करा. नव्या बिलात केंद्र व राज्याचे ९-९ टक्के नव्हे, तर १८ टक्के आयजीएसटी (दोन राज्यांमधील व्यवहारावरचा जीएसटी) येईल, हे विसरू नका. नुसता क्रमांक बदलून जुनेच बिल पुढे ढकलले, तर दुसरी क्रेडिट नोट काढावी लागेल. क्रेडिट नोट विवरणपत्रात दाखवायची मुदत आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, यांत जे आधी येईल तोवर असते. तरीही तुम्ही ती याच महिन्यात दाखवा, कारण मुंबई कार्यालयाने त्या बिलावर करवजावट (बिलातला जीएसटी स्वतःच्या देय करातून वजा करणे) घेतली असेल तर त्यांनाही ती परत करावी लागेल. पक्षकाराची कार्यालये एकाहून अधिक राज्यांत असतील, तर बिल कोणत्या क्रमांकावर काढायचे हे कामाच्या नियुक्तिपत्रातच लिहून घ्या.