देवबागेत चार दिवस: यादी घरी ठेवा, पंचांग सोबत घ्या

तुमचा सहलीबद्दलचा प्रश्न वाचला: लग्नाचा पहिला वाढदिवस, जानेवारीचा शेवट, हातात चार दिवस, निवांतपणा हवा, दोघांनाही पोहता येत नाही, बायको शाकाहारी, आणि प्रश्न असा की मालवण की गोवा. त्याखाली तुम्ही केलेली चौदा ठिकाणांची यादी. यादी वाचून मला आधी हसू आलं, मग आमचीच पहिली खेप आठवली. माझं सासर मालवण तालुक्यातलं. तरी लग्नानंतर नवऱ्याने हौसेने अशीच यादी केली होती आणि चार दिवसांत आम्ही समुद्र बघितला तो बहुतेक गाडीच्या काचेतून. तेव्हा इतक्या वर्षांच्या ये-जा करण्यावरून सांगते.

मालवणच करा. गोवा वाईट नाही, पण तुम्हाला निवांतपणा हवाय असं तुम्हीच लिहिलंय. आणि ‘मालवणहून एक दिवस गोवा’ हा बेत तर आधी खोडा. पणजीपर्यंत एका बाजूला तीन तास धरा, म्हणजे दिवस रस्त्यातच. विजयदुर्ग एका टोकाला, आंबोली दुसऱ्या टोकाला, तीही घाट चढून. कुणकेश्वर मला फार आवडतं, पण यावेळी नको. चौदातली चार ठेवा: सिंधुदुर्ग किल्ला, देवबागचा संगम, धामापूरचा तलाव आणि जमलं तर स्कुबा. बाकीचा वेळ वाळूत.

राहायला मालवण शहरात नको, तारकर्लीच्या पुढे देवबागला राहा. देवबाग म्हणजे जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली नदी. सकाळचा चहा नदीकडे प्यायचा आणि संध्याकाळी चार पावलं चालून सूर्यास्ताला समुद्राकडे जायचं. तिथल्या बऱ्याच घरांतून निवास-न्याहारीची सोय असते. एक मात्र बुकिंग करताना स्पष्ट विचारा: खोलीला वेगळं दार आहे का? मालवणी घरात पाहुणा घरचाच होतो. काकू चौकशा करतात, अंगणात पोरं खेळतात, सकाळी सातला ‘च्या घेतलास?’ म्हणून हाक येते. आम्हाला ते हवंहवंसं वाटतं, पहिल्या वाढदिवसाला आलेल्या जोडप्याला वाटेलच असं नाही. आणि ‘सी फेसिंग’ या शब्दावर जाऊ नका. आम्ही एकदा जास्तीचे पैसे भरून घेतलेल्या तसल्या खोलीतून समुद्र दिसायचा तो न्हाणीघराच्या झरोक्यातून, तोही पाट ठेवून त्यावर उभं राहिल्यावर. खिडकीतून काढलेला फोटो मागवा. दोघांची आधारकार्डं जवळ ठेवा, विचारतात.

आता मुख्य गोष्ट. इथे घड्याळावर चालू नका, भरती-ओहोटीवर चाला. संगमावर वाळूचं एक बेट आहे, त्याला सगळे ‘त्सुनामी आयलंड’ म्हणतात. 2004 च्या त्सुनामीनंतर ते वर आलं असं सांगतात. आमच्या पहिल्या खेपेला जेवून-खाऊन, झोप काढून, आम्ही थाटात दुपारी तीनला होडीत बसलो. होडीवाल्याने मधेच इंजिन बंद केलं. मी म्हटलं, बेट कुठंय? ‘वयनी, ह्याच बेट. भरती इली. उतरा, गुडघाभरच पाणी असा.’ गुडघाभर त्याला असेल, मला कमरेपर्यंत आलं. हातात चपला, डोक्यावर पर्स, असा माझा त्या बेटावरचा एकमेव फोटो आहे आणि नवरा तो दर दिवाळीत पाहुण्यांना दाखवतो.

मग सासऱ्यांनी गणित शिकवलं. दर्यावर पोट असलेल्या कोकणातल्या कुणालाही ते तोंडपाठ असतं. त्या दिवशीची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, आणि त्याआधी सहा तास, सकाळी नवाला, ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी दुपारी बाराला. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती सव्वाअकरा-बाराची, त्यामुळे संध्याकाळी पाच-साडेपाचला पाणी लांबवर मागे गेलेलं असतं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण बेत आखायला एवढं पुरतं. ओली, घट्ट वाळू, तिच्यात उमटलेलं आभाळ आणि तुम्ही दोघंच. फिरायला जायचं तर अशा संध्याकाळी. आमच्या त्या तीन वाजताच्या दिवशी कुठली तिथी होती ते आता तुम्हीच ओळखा.

म्हणून कालनिर्णय बघून बेटाची सकाळ ठरवा. दांडीच्या किनाऱ्यावरून पद्मगडाला ओहोटीत चालत जाता येतं, तिथेही हाच हिशोब. मात्र स्थानिकाला विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालू नका आणि परतीची वेळ आधी पक्की करा. पोहता येत नाही म्हणताय, म्हणून दोनदा सांगते.

किल्ल्याची होडी मालवणच्या जेटीवरून सुटते, दहा-पंधरा मिनिटांत पोचते आणि तासाभरात परत न्यायला तयार असते. तास कमी पडतो. 25 नोव्हेंबर 1664 ला महाराजांनी कुरटे बेटावर पायाभरणी केली, 1667 पर्यंत काम चाललं. बेट 48 एकरांचं, तट जवळजवळ तीन किलोमीटर. पायाच्या दगडांत शिसं ओतलंय. होडी अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसतच नाही, बुरुजांच्या वळणात तो असा लपवलाय. आत दरवाजाजवळच्या घुमट्यांत महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा आहे, पुढे राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं देऊळ. मला स्वतःला सगळ्यांत नवल वाटतं ते दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींचं. चहूकडे खारा समुद्र आणि बावेचं पाणी गोड. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत सिंधुदुर्ग आहे, तेव्हापासून शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते. मधल्या वारी सकाळच्या पहिल्या होडीने जा.

स्कुबाबद्दल. पोहता न येणाऱ्यालाही करता येतं, प्रशिक्षक पूर्ण वेळ धरून असतो. सकाळीच करा, दुपारनंतर वारा उठतो आणि पाणी ढवळतं. आधी उथळ पाण्यात तोंडाने श्वास घ्यायचा सराव करून घेतील. तो दहा मिनिटांत उरकणाऱ्याकडे जाऊ नका. कानात दडे बसले की नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं. सर्दी असेल, दमा असेल, तर सरळ नाही म्हणा, पैसे गेले तरी चालतील. प्रवाळावर उभं राहायचं नाही. किल्ल्याभोवतीचा हा भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. चिपीहून विमानाने परतणार असाल तर स्कुबा शेवटच्या दिवशी ठेवू नका, मधे किमान अठरा तास जाऊ द्या. आणि होडीत लाइफ जॅकेट घालाच. मे 2022 मध्ये तारकर्लीजवळ स्कुबाहून परतणारी होडी उलटली आणि दोन पर्यटक गेले. सगळ्या होडीत एकटेच जॅकेट घालून बसलात तरी बसा.

केळीच्या आकाराची फुग्याची होडी, पॅराशूट वगैरे माझ्या आवडीचं नाही, त्यामुळे त्याबद्दल काही सांगत नाही.

त्यापेक्षा रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, बघा. सकाळी किनाऱ्यावर दोन रांगा दिसतील, दोर ओढत मागे मागे सरकणाऱ्या. नुसतं बघत उभं राहू नका, दोर धरा, कुणी नको म्हणत नाही. जाळं वाळूला लागतं तेव्हा आधी पाण्यातच चांदीसारखी चुळबुळ दिसते, मग एकदम आरडाओरडा. माझ्या नवऱ्याच्या तळहाताला त्या दिवशी फोड आले होते, आणि पदरात सहा बांगडे.

जानेवारी म्हणजे जत्रांचा हंगाम. घरमालकांना विचारा जवळपास कुठे दशावतार आहे का. खेळ रात्री उशिरा सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो. थोडं आधी जाऊन देवळाच्या मागे डोकवा. मी पाहिलेला एक पन्नाशीचा माणूस पत्र्याच्या पेटीवर बसून, पेटीच्या झाकणातल्या आरशात बघत गालाला रंग लावत होता. मग उठला, बिडी विझवली, आणि माझ्यापेक्षा चापून नऊवारी नेसला. तासाभराने तोच द्रौपदी म्हणून रडत होता आणि बायका डोळे पुसत होत्या.

एक सावधगिरी. आंगणेवाडीची भराडीदेवीची जत्रा साधारण फेब्रुवारीच्या आसपास येते, पण तिची तारीख कौल लावून ठरते, पंचांगात सापडत नाही. ती तुमच्या दिवसांना खेटून आली तर खोली मिळणार नाही आणि रेल्वेचं तिकीट तर नाहीच. तारीख जाहीर झालीय का बघूनच बुकिंग करा. कोकणकन्येने रात्री मुंबईहून निघालात तर सकाळी कुडाळला उतराल, तिथून मालवण तीसेक किलोमीटर, एसटी आहे, रिक्षा आहे. आरक्षण आता साठ दिवस आधीच उघडतं, त्या सकाळी जागे राहा.

राहता राहिलं बायकोचं जेवण. मालवणात शाकाहारी माणूस उपाशी राहतो हा गैरसमज आहे. पुष्कळ घरांत सोमवारी मासे शिजतच नाहीत, तेव्हा काय खातात तेच मागा: कुळथाची पिठी, फणसाची नाहीतर केळफुलाची भाजी, घावणे, नारळाच्या रसातले शिरवाळे, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे काळ्या वाटाण्यांचं सांबारं आणि वडे. तवा आणि तेल वेगळं ठेवायला आधीच सांगा, संकोच करू नका. फक्त काळे वाटाणे रात्रभर भिजावे लागतात, तेव्हा गाडीत बसलात की काकूंना फोन करून भिजत घालायला सांगा.