डीएनएआधी सडा बघ

वेताळ टेकडीवरच्या पालींचे नमुने गोळा करायला निघालायस, छान वाटलं. पण आधी साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीचा सडा, म्हणजे तिथलं कातळाचं पठार, बघून ये. तिथल्या निळ्या-केशरी गळ्याच्या सरड्याला आपण वर्षानुवर्षं दूरवर पसरलेली साधी जात समजत होतो. शरीररचना आणि डीएनए दोन्ही तपासल्यावर २०१६ मध्ये तो वेगळा निघाला: सराडा सुपर्बा. नाव आपल्या 'सरडा' या शब्दावरून, याचा मला फार आनंद आहे! जात सगळीकडे असली की एक सडा गेल्याचं कुणाला काही वाटत नाही. ती मोजक्या सड्यांपुरतीच आहे म्हटलं, की पवनचक्कीकडे जाणारा प्रत्येक नवा रस्ता महत्त्वाचा ठरतो.

एकाच जनुकावर विसंबू नकोस. पेशीतल्या मायटोकाँड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो, बापाची बाजू त्यात दिसत नाही; म्हणून पेशीच्या केंद्रकातलं जनुकही वाच. एकाच टेकडीवरचे दहा नमुने घेण्यापेक्षा पाच टेकड्यांवरचे दोन-दोन घे. जातीच्या सीमा त्यातूनच कळतात, आणि राखायचं काय हे सीमांवर ठरतं. वनखात्याची परवानगी आधी, शेपटीचा तुकडा नंतर. प्रत्येक बाटलीवर जीपीएस नोंद हवीच. जागा माहीत नसलेला नमुना नकाशावर मांडता येत नाही.