‘तो’ गाळा, ‘कडून’ सांभाळा

प्रश्न (पाचोरा): मुलगा नववीत आहे. ‘काल जो माणूस आला, तो माझा मामा आहे’ याचं इंग्रजी त्याने ‘द मॅन हू केम यस्टरडे, ही इज माय अंकल’ असं केलं. बाईंनी ‘ही’वर काट मारली. मराठीत ‘तो’ आहे, मग इंग्रजीत का नको? घरी सराव कसा घ्यावा?

उत्तर: बाईंचं बरोबर आहे. जो-तो, जे-ते, ज्याला-त्याला अशी जोडी मराठीला लागते. इंग्रजीने त्यातला ‘जो’ तेवढा ठेवलाय. ‘द मॅन’ हाच ‘इज’चा कर्ता आहे, ‘ही’ आला की एका क्रियापदाला दोन कर्ते होतात. त्याच्याबरोबर स्वल्पविरामही जातो: ‘द मॅन हू केम यस्टरडे इज माय अंकल.’ ‘द बॅग व्हिच आय बॉट इट इन भुसावळ’ ही चूकही त्याच घरची. काय घेतलं ते ‘व्हिच’ने सांगून झालंय, ‘इट’ काढा.

मात्र आमच्या मते मुलांचं खरं नुकसान होतं ते शब्द कमी पडतो तिथे. ‘ज्या घरात मी राहतो’चं ‘द हाउस व्हिच आय लिव्ह’ होतं. मराठीतला ‘त’ घराला चिकटलेला असतो, म्हणून भाषांतर करताना तो हातातून निसटतो. इंग्रजीत त्याचा वेगळा शब्द करावा लागतो: ‘द हाउस आय लिव्ह इन’, किंवा ‘द हाउस व्हेअर आय लिव्ह’. ‘ज्या पेनने मी लिहितो’मधला ‘ने’ही असाच: ‘द पेन आय राइट विथ’.

सरावाला दोन सुटी वाक्यं द्या. ‘दिस इज द फार्मर. आय बॉट बनानाज फ्रॉम हिम.’ दुसऱ्या वाक्यातला ‘हिम’ खोडायला सांगा, फक्त ‘हिम’. ‘फ्रॉम’ला हात लावायचा नाही. मग ‘हू’ त्या वाक्याच्या तोंडाशी ठेवून ते ‘फार्मर’ला जोडा: ‘दिस इज द फार्मर हू आय बॉट बनानाज फ्रॉम.’ शेवटी लोंबणारा ‘फ्रॉम’ मुलांना चुकीचा वाटतो आणि ती तो पुसून टाकतात, तिथे लक्ष ठेवा. अर्जात किंवा निबंधात ‘फ्रॉम हूम आय बॉट बनानाज’ लिहावं. ‘फ्रॉम’ पुढे आला की मागे ‘हूम’च हवा, तिथे ‘दॅट’ कधीच बसत नाही. रोज पाच जोड्या पुरेत.

प्रश्न (धुळे): स्पर्धा परीक्षेत ‘हू’ किंवा ‘व्हिच’च्या आधी स्वल्पविराम कधी द्यायचा, यावर गुण जातात. ओळखायचं कसं?

उत्तर: पोटवाक्य झाकून बघा. कोणाबद्दल बोलतोय ते कळेनासं झालं तर स्वल्पविराम नको. कळत असेल तर दोन्ही बाजूंना हवा.

‘माय ब्रदर हू वर्क्स इन सुरत’ असं लिहिलं तर भाऊ एकाहून जास्त आहेत आणि त्यांतल्या सुरतवाल्याविषयी चाललंय. ‘माय ब्रदर, हू वर्क्स इन सुरत,’ लिहिलं तर भाऊ एकच, सुरत ही जाता जाता दिलेली माहिती. दोन चिन्हांनी घरातली माणसं बदलतात! मराठीत ‘सुरतला काम करणारा माझा भाऊ’ म्हटलं की दोन्ही अर्थ निघतात, म्हणून आपल्याला हा फरक सहज जाणवत नाही.

विशेषनाम आलं की बहुतेक वेळा स्वल्पविराम लागतोच. बहिणाबाई चौधरी एकच, तापीही एकच: ‘बहिणाबाई चौधरी, हू वॉज बॉर्न इन असोदा, ...’, ‘द तापी, व्हिच मीट्स द सी निअर सुरत, ...’. इथे ‘दॅट’ चालत नाही. स्वल्पविरामापाठोपाठ ‘दॅट’ असलेला पर्याय आधी बाद करा. स्वल्पविराम नसेल तर वस्तूंसाठी ‘दॅट’ आणि ‘व्हिच’ दोन्ही बरोबर. अमेरिकी संपादक तिथे ‘दॅट’ पसंत करतात, ब्रिटिशांना दोन्ही चालतात.

प्रश्न (शहादा): ‘ऑल व्हॉट आय नो’ चूक का? आणि ‘दॅट’ गाळलेला कुठे चालतो?

उत्तर: ‘व्हॉट’च्या पोटात ‘जे’ आणि ‘ते’ दोन्ही आहेत, म्हणून त्याच्या आधी नाम किंवा ‘ऑल’, ‘एव्हरीथिंग’ येत नाही. ‘ऑल दॅट आय नो’ म्हणा, नाहीतर नुसतं ‘व्हॉट आय नो’.

गाळायचं असेल तर ‘दॅट’च्या लगेच पुढचा शब्द बघा. तिथे कर्ता असेल तर ‘दॅट’ गाळता येतो: ‘द बस आय मिस्ड’. क्रियापद असेल तर नाही: ‘द बस दॅट गोज टू नंदुरबार इज लेट’ यातला ‘दॅट’ काढला की ‘गोज’ आणि ‘इज’ दोघंही ‘बस’ला ओढू लागतात आणि वाक्य मोडतं.