निधीनं पुराची मदत नाकारली, आता सगळं नियम 7 वर अडलंय

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानदारांचा प्रश्न आलाय. इचलकरंजीतून, सांगलीतून असेच प्रश्न आधीपण आलेत म्हणून सगळ्यांसाठी इथंच उत्तर देतो. प्रकरण असं की यांच्या पतसंस्थेनं तकाफुलच्या, म्हणजे इस्लामी पद्धतीच्या परस्पर मदतीच्या विम्याच्या धर्तीवर सभासदांचा आपत्ती निधी काढला, सगळ्या धर्माचे व्यापारी त्यात आहेत, दरमहा वर्गणी भरायची आणि ज्याच्यावर संकट येईल त्याला त्यातून मदत. जुलै 2021 च्या पुरात यांच्या दुकानात पाणी शिरलं, माल गेला. दिवाळीनंतरच्या मीटिंगमध्ये समितीनं तोंडीच सांगून टाकलं की वर्गणी तबर्रु होती म्हणजे दान होतं, आणि दानावर हक्क सांगता येत नाही. आता विचारतायत की केस होईल का, आणि निधी सहकारी विमा चळवळीशी जोडायचं चाललंय तर तो कायदेशीर होईल का.

विमा लोकपालाकडं जाऊ नका, तो फक्त परवानाधारक विमा कंपन्या आणि विमा ब्रोकरांसाठी आहे. ग्राहक आयोगाची दोन वर्षांची मुदत कधीच संपली.

तुम्ही पाठवलेल्या फोटोतला नियम 7 बघा. "समितीस योग्य वाटेल तेवढी मदत समिती देऊ शकेल." तुमची अख्खी केस या एका ओळीवर आहे आणि वर्गणी सुरू करताना तुम्ही ती वाचलेली नाही हे तुमच्याच पत्रावरून दिसतंय. अहो, माल घेताना बिलातला पैसा न् पैसा तपासता आणि इथं वर्षानुवर्षं पैसे भरताना नियमांचं एक पान वाचायला काय झालं होतं?

आता यातली अडचण समजून घ्या. नियमात "नुकसान झाल्यास ठरलेली रक्कम मिळेल" असं असतं तर तुमचा हक्क पक्का झाला असता, पण मग तो सरळसरळ विमा धंदा ठरला असता, आणि विमा कायदा 1938 च्या कलम 2सी आणि 3 प्रमाणं नोंदणीशिवाय तो करताच येत नाही. म्हणजे करारच बेकायदा, आणि बेकायदा करारावर कोर्ट सहसा पैसे मिळवून देत नाही. उलट मदत समितीच्या मर्जीवर असेल तर तो विमा नाही, पण मग ठरावीक रकमेवर हक्कही नाही. इंग्लंडमध्ये 1979 साली मेडिकल डिफेन्स युनियनच्या खटल्यात नेमकं हेच झालं. तिथं सभासद डॉक्टरांना मदत देणं न देणं संस्थेच्या हातात होतं, कोर्ट म्हणालं हा विमा नाही, पण सभासदाला एक हक्क आहेच, त्याच्या मागणीचा नीट विचार झाला पाहिजे. हा निकाल आपल्या कोर्टांवर बंधनकारक नाही, तरी युक्तिवादाला उपयोगी आहे.

म्हणून दाव्यात "माझा विमा बुडवला" असं एका ओळीतही लिहू नका, स्वतःच्या हातानं केस घालवाल. मागणी अशी करा की माझ्या अर्जाचा नियमाप्रमाणं विचार झाला नाही, कारणं दिली नाहीत, त्याच पुरात बाकीच्यांना मदत मिळाली (मिळाली असेल तर) मग मला का नाही, समितीनं परत बसून लेखी कारणांसह निर्णय द्यावा. आणि तबर्रुचं म्हणाल तर तकाफुलमध्ये वर्गणी दान म्हणून देतात हे खरं, पण ते दान एकमेकांचं नुकसान भरून काढायच्या अटीवर असतं, आणि तूट आली तर चालवणाऱ्यानं बिनव्याजी कर्ज घालून दावे भागवायचे हीच तिथली रीत आहे. दान होतं म्हणून हात वर करणं हे तकाफुलच्या मुळावरच येतं आणि मला याचा खरंच राग येतो, कारण लोक विश्वासानं पैसे भरतात.

पावतीवर पतसंस्थेचं नाव आणि नोंदणी क्रमांक आहे हे तुमचं नशीब. त्यामुळं महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा 1960 च्या कलम 91 खाली सहकार न्यायालयात जाता येईल असं मला वाटतं, हा संस्थेचा व्यवहारच नाही असा मुद्दा समोरचा वकील काढणार हे धरून चाला. कलम 92 प्रमाणं सहा वर्षांची मुदत धरली तर ती 2027 च्या दिवाळीच्या आसपास संपते. आता नवीन अर्ज दिला की मुदत परत सुरू होते असं कुणीतरी तुम्हाला सांगितलंय, ते डोक्यातून काढा. कोर्टात तारखांवर तारखा पडणार हे आहेच, त्यात आपणच आधी वर्षं घालवून जायचं म्हणजे काय! पुढं रिट करायची वेळ आलीच तर ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आहे, मुंबईच्या चकरा तरी वाचल्या.

सहकारी विम्याशी जोडण्याचं म्हणाल तर तत्त्वात काही अडचण नाही. 1985 साली जेद्दाच्या फिकह अकादमीनं, म्हणजे इस्लामी कायद्याच्या जाणकारांच्या मंडळानं, ठरावीक हप्त्याचा व्यापारी विमा नाकारला आणि सहकारी विमा मान्य केला. सहकारी आणि म्युच्युअल, म्हणजे सभासदांच्याच मालकीच्या, विमा संस्थांचा जागतिक महासंघ 1922 पासून आहे, त्यात तकाफुल संस्थाही सभासद आहेत. आपल्याकडंही बॉम्बे म्युच्युअल ही आयुर्विमा संस्था 1870 ची, पुढं 1956 ला आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं आणि ती परंपरा तुटली. 2020 मध्ये विमा नियामकानं नेमलेल्या मिराई चॅटर्जींच्या समितीनं सूक्ष्म विम्यासाठी, म्हणजे गरिबांच्या छोट्या रकमेच्या विम्यासाठी, भांडवलाची अट 100 कोटींवरून 20 कोटींवर आणा, सहकारी संस्थांना वाट द्या असं सुचवलं होतं. पण कुठल्याही महासंघाशी हात मिळवला म्हणून परवाना मिळत नाही. आज करण्यासारखं एवढंच की निधी कल्याण निधी म्हणूनच ठेवा आणि पुराच्या नुकसानीसाठी पतसंस्थेमार्फत नोंदणीकृत कंपनीची गट पॉलिसी घेता येते का बघा. ती शरियतमध्ये बसते का हे तुमच्या उलेमांना विचारा.

या आठवड्यात सहकारी संस्था कायद्याच्या कलम 32 खाली नियमावली आणि त्या मीटिंगचं इतिवृत्त मागणारा लेखी अर्ज द्या, त्यातच 2021 च्या मदतीची यादीही मागा, फी भरा, कलम 32 मधल्या कागदांच्या नकला फी भरल्यापासून महिन्याभरात द्याव्या लागतात. नकला हातात आल्या की वकील गाठा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय संस्थेतून बाहेर पडू नका.