एका हाताने धनुष्य ओढता येतं का?

पत्राचा सारांश: "माझी मुलगी दहावीत आहे. जन्मापासून तिचा डावा हात कोपराच्या खाली नाही. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र ७० टक्क्यांचं आहे. पॅरा तिरंदाज शीतल देवीचे व्हिडिओ पाहिल्यापासून तिने आर्चरीचा (तिरंदाजीचा) ध्यास घेतलाय. कंपाऊंड (टोकांना चाकं असलेल्या) धनुष्याचा पूर्ण सेट एका दुकानदाराने अडीच लाखांचा सांगितला, आणि तिची आई दागिने मोडायला तयार आहे. एका हाताने हे खरंच जमतं का? अकरावीला सायन्स सोडावं का? यातून सरकारी नोकरी लागेल का?" – एक पालक, कोरेगाव तालुका, जि. सातारा

नमस्कार,

आधी ते दागिने कपाटात परत ठेवा. बाकीचं सावकाश बोलू.

एका हाताने जमतं. अमेरिकेचा तिरंदाज एरिक बेनेट अपघातात उजवा हात गमावूनही अनेक पॅरालिम्पिक खेळला, आणि तो दाताने दोरी ओढतो. दोरीला एक छोटी पट्टी बांधलेली असते. ती दाढांमध्ये धरायची, मान स्थिर ठेवायची आणि धनुष्य धरलेला हात पुढे रेटायचा. बाण सोडायचा म्हणजे पट्टीवरचे दात सैल करायचे. ऐकायला सोपं वाटतं, पण सगळा ताण दाढांवर, जबड्यावर आणि मानेवर येतो. म्हणून तुमच्या यादीत धनुष्याच्या दुकानाआधी दातांचे डॉक्टर हवेत. दुसरी वाट अशी की कोपराखालच्या भागावर कृत्रिम जोड बसवून त्यात धनुष्य अडकवायचं आणि उजव्या हाताने नेहमीसारखं ओढायचं. यातली कुठली पद्धत तिला मानवेल ते तिचा उरलेला हात किती लांब आहे, खांदा किती मजबूत आहे यावर ठरेल. चार-सहा महिने हलक्या धनुष्यावर काढल्याशिवाय ते कळणार नाही, आणि अडीच लाखांचा सेट आत्ता घ्यायचा नाही तो याच कारणाने. दाताने ओढणारीचं धनुष्य आणि हाताने ओढणारीचं धनुष्य यांची मापं सारखी नसतात. एकदा चुकीचा सेट घरात आला की मूल त्या सेटला जुळवून घेत बसतं.

दुसरा मुद्दा पालकांच्या लक्षात फारसा येत नाही. तुमच्याकडचं ७० टक्क्यांचं प्रमाणपत्र शिष्यवृत्तीला, प्रवेशाला, नोकरीला चालतं. आंतरराष्ट्रीय पॅरा आर्चरीत, म्हणजे दिव्यांगांच्या तिरंदाजीत, त्या टक्क्यांना काही अर्थ नाही. तिथे वर्ल्ड आर्चरी या जागतिक संघटनेचं पॅनेल खेळाडूला स्वतः तपासतं, त्याला नेम धरताना पाहतं आणि गट ठरवतं. हात, पाय आणि धड यांवर परिणाम असलेले, व्हीलचेअरवरून खेळणारे डब्ल्यू-वन गटात जातात, शारीरिक दिव्यांगत्व असलेले बाकीचे ओपन गटात. दाताची पट्टी, कृत्रिम जोड, पट्टा, जे काही साधन वापरायचं त्याची नोंद खेळाडूच्या कार्डावर व्हावी लागते. नोंद नसलेलं साधन मैदानात चालत नाही. तुमच्या मुलीच्या बाबतीत ओपन गटाची शक्यता चांगली दिसते, पण शिक्का पॅनेलचाच. राष्ट्रीय पातळीवरही आधी वर्गीकरण होतं. त्यामुळे प्रशिक्षकांना पहिला प्रश्न "पदक कधी?" असा न विचारता "वर्गीकरण कुठे आणि कधी होतं?" असा विचारा.

आता शीतलबद्दल. जम्मू-काश्मीरमधल्या किश्तवाडच्या या मुलीला जन्मतः दोन्ही हात नाहीत. ती पायाने धनुष्य धरते, खांद्याला लावलेल्या साधनाने दोरी ओढते. २०२२ मध्ये कटऱ्याला सराव सुरू केला आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत दोन सुवर्ण आणि एक रौप्य. तुम्ही लिहिलंय, "तिने दीड-दोन वर्षांत करून दाखवलं, आमचीही करेल." असं वेळापत्रक मुलीच्या खांद्यावर टाकू नका. शीतलचाच पॅरिस २०२४ चा प्रवास नीट बघा. पात्रता फेरीत ७२० पैकी ७०३ गुण, म्हणजे ७२ बाणांत फक्त १७ गुण सुटले. लक्ष्य ५० मीटरवर, आणि त्यातलं दहाचं वर्तुळ जेमतेम ८ सेंटिमीटरचं. एवढं करूनही वैयक्तिक सामन्यात चिलीच्या मारियाना झुनिगाकडून ती १३७-१३८ अशी हरली. एका गुणाने! पुढे राकेश कुमारसोबत मिश्र दुहेरीत इटलीविरुद्ध १५६-१५५ ने कांस्य मिळालं, तेही एकाच गुणाने. जगज्जेतेपद आलं २०२५ मध्ये, दक्षिण कोरियातल्या ग्वांगजूला. व्हिडिओत हे एक-एक गुण दिसत नाहीत, पाय तेवढा दिसतो.

अमेरिकेचा तिरंदाज मॅट स्टुट्झमन याचं उदाहरण मला तुमच्यासाठी जास्त कामाचं वाटतं. त्यालाही हात नाहीत. लंडन २०१२ मध्ये रौप्य मिळालं, सुवर्ण मात्र पॅरिसमध्ये, वयाच्या ४१ व्या वर्षी. हा खेळ पंधराव्या वर्षीच गाठायची गाडी नाही, त्यामुळे दहावीचं वर्ष यासाठी पणाला लावायची गरज नाही. परीक्षा होईपर्यंत शनिवार-रविवार पुरे.

सायन्सचं म्हणाल, तर प्रश्न शाखेचा नाही, क्लासचा आहे. सायन्स आवडत असेल तर घेऊ दे. पण नीटचा (वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा) दिवसभराचा क्लास आणि रोज तीन तासांचं ग्राउंड एकत्र चालत नाही, दोन्हीकडे मुलगी थकलेली पोचते. तिला नीट द्यायचीच नसेल आणि शेजारपाजारच्या धाकाने तुम्ही सायन्स म्हणत असाल, तर कॉमर्स किंवा आर्ट्स घेऊन ग्राउंडजवळचं कॉलेज बघा. मला तरी हेच पटतं. अभ्यास मात्र सुटता कामा नये. टोकियोत कांस्य आणि पॅरिसमध्ये सुवर्ण जिंकणारा भारताचा पॅरा तिरंदाज हरविंदर सिंग खेळता खेळता अर्थशास्त्रात संशोधन करत होता. बेनेट शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो. धनुष्याने घर चालवणारे जगभरात थोडेच.

म्हणूनच नोकरीच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला थोडं कोरडं वाटेल. सरकारी नोकरीत दिव्यांगांसाठी ४ टक्के आरक्षण २०१६ च्या कायद्याने आहे आणि तुमची मुलगी वय आणि शिक्षण पुरं झालं की त्याला, एकही बाण न सोडता, पात्र आहे. राज्याच्या सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा वेगळ्या असतात, पण त्यासाठी ठरावीक पातळीच्या स्पर्धेतली कामगिरी लागते आणि क्रीडा विभागाकडून प्रमाणपत्राची पडताळणी होते. गल्लीतल्या निमंत्रित स्पर्धेचं प्रमाणपत्र तिथे चालत नाही. तेव्हा नोकरीसाठी आर्चरी हा हिशेब डोक्यातून काढा. आवडते म्हणून खेळू दे, नोकरीची वाट तिच्यासाठी वेगळी उघडी आहेच.

एका बाबतीत तुम्ही नशीबवान आहात. २०२३ मध्ये बर्लिनला १७ व्या वर्षी जगज्जेती झालेली अदिती स्वामी तुमच्याच जिल्ह्यातली, साताऱ्यात घडलेली. हात-पाय धड असलेल्यांची आणि पॅरा आर्चरी दोन्ही वर्ल्ड आर्चरीच्याच छत्राखाली येतात, नियमही बरेचसे सारखे. त्यामुळे वेगळं दिव्यांग केंद्र शोधत पुण्या-मुंबईला जायची घाई नको. साताऱ्यातल्या ग्राउंडवर मुलीला घेऊन जा, इतर मुलांच्या रांगेत तिला उभं करायला प्रशिक्षक तयार आहेत का ते विचारा. "बघू, आधी घरी व्यायाम करू दे" म्हणणाऱ्यापेक्षा त्याच दिवशी तिच्या खांद्याची हालचाल तपासणारा बरा. सुरुवातीला सरावाचं धनुष्य ग्राउंडचंच वापरा. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून शालेय आणि पॅरा स्पर्धांची माहिती लेखी घ्या, तोंडी नको. परीक्षा संपल्यावर सहा महिने नियमित सराव झाला आणि प्रशिक्षकांनी ओढण्याची पद्धत पक्की केली, की त्यांच्याकडून धनुष्याची मापं लिहून घ्या आणि मग दुकानदाराला फोन करा. अडीच लाख तेव्हाही लागतीलच असं नाही. वापरलेले चांगले सेट खेळाडूंकडून मिळतात.