वही कोण तपासणार?

प्रिय पोरी,

रविवारी तू दाखवलेला ऑनलाइन कोर्सांचा तक्ता अजून डोळ्यांपुढून हलत नाही. चौदा रांगा! फी, तारे, तास, सर्टिफिकेट, सवलत. चहा गार झाला तरी तुझं एकच, ‘काका, यातलं नक्की कोणतं?’ अगं, त्यात मुख्य रकानाच नाही: वही कोण तपासणार?

तो घालून बघ. एनपीटेल, म्हणजे आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स, तिथे दर आठवड्याला गृहपाठ, तोही तारखेच्या आत. त्याचे 25 गुण आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे 75. शिकणं फुकट, पैसे फक्त परीक्षेला. शिकवणं कधी कधी रटाळ, मान्य. कोर्सेरावर काही कोर्सांत विद्यार्थीच एकमेकांचं काम तपासतात. कोणी जीव ओतून लिहितं, कोणी ‘गुड’ म्हणून सुटतं. युडेमीचा सेल बारमाही, तेव्हा ‘आज शेवटचा दिवस’ला भुलू नकोस. पण तिथे वही तुझी तूच तपासायची. एक्सेलमधलं एखादं अडलेलं शिकायला ठीक आहे. टेस्टिंग सोडून डेटाच्या कामात शिरायचं म्हणतेस, त्याला तेवढं पुरायचं नाही. आणि हिंजवडीच्या बसमध्ये व्हिडिओ बघणं म्हणजे अभ्यास नव्हे, हेही आत्ताच सांगतो.

मलाही हे सांगणारे होते. मी ऐकलं नाही. पंचेचाळिसाव्या वर्षी एका संस्थेचा डेटा सायन्सचा कोर्स हप्त्यांवर घेतला. पैसे भरेपर्यंत दिवसातून तीनदा फोन. मग माझा पहिला प्रकल्प दोन मिनिटांत ‘उत्तम’ शेरा घेऊन परत आला. शंका आली म्हणून दुसऱ्या वेळी मुद्दाम रिकामी फाइल पाठवली. तीही उत्तम! हप्ते मात्र अठरा महिने फेडले. बायको अजून तो विषय काढते. मी म्हणतो, निदान फसवणूक ओळखायला शिकलो. तिला पटत नाही. तरी माझं तेच म्हणणं आहे.

तुझ्या तक्त्यात शेवटी बारीक अक्षरांत मोडीही होती. ती मी दोन वर्षं व्हिडिओ बघून ‘शिकलो’, म्हणजे मान डोलावली. मग पेठेतल्या एका मास्तरांना पान दाखवलं. त्यांनी ते लाल शाईने भरून टाकलं. मोडीत आधी पानभर रेघ ओढायची, मग तिला अक्षरं टांगायची. मी देवनागरीसारखा शब्द लिहून वर रेघ मारत होतो. दोन वर्षं! व्हिडिओत ते दिसत होतंच की, पण माझा हात कोणी बघत नव्हतं.

म्हणून म्हणतो, वही. पंधरावी रांग घातलीस तर माझ्याकडे येऊ नकोस. एनपीटेलवर संख्याशास्त्राच्या एखाद्या जुन्या कोर्सचा पहिल्या आठवड्याचा गृहपाठ उघड, कागदावर सोडव आणि शनिवारी घेऊन ये. मला संख्याशास्त्र जेमतेम येतं, पण पायऱ्या गाळल्यास की कळतं.

तुझा,
काका