बॉबिन बदलण्याएवढी प्रार्थना

प्रश्न : सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात मी शिलाईला आहे. घरी दोन खोल्या, पाच माणसं. रात्री प्रार्थनेला बसले की डोळा लागतो, नाहीतर फीचे हिशेब सुरू होतात. काय करू?

उत्तर : ताई, आधी रात्रीची वेळ सोडा. दमलेल्या अंगाला झोप हवी असते, त्यात श्रद्धा कमी पडली असं काही नाही. पहाटे चहा ठेवण्याआधीची 10 मिनिटं धरा. येशूही अंधार असतानाच उठून एकांतात गेला होता (बायबल, मार्क 1:35). आपल्याकडच्या उन्हाळ्यात तेवढीच वेळ जरा गार असते म्हणा!

भिंतीला न टेकता बसा. बायबलमधलं स्तोत्र 131 घ्या. तीनच वचनं आहेत. दूध तुटलेलं मूल आईजवळ निवांत असतं, ते चित्र त्यात आहे. ओठ हलवत सावकाश दोनदा वाचा. मग श्वास घेताना ‘प्रभू’, सोडताना ‘दया कर’, असं पाच मिनिटं. वेळ बघायला मोबाईल नको. हातात घेतला की व्हॉट्सॲप उघडतंच. साधं घड्याळ पुरे.

हिशेब आठवला तर त्याच्याशी भांडू नका. जवळच्या चिठ्ठीवर ‘फी’ एवढंच लिहा आणि श्वासाकडे परत या. विसरण्याची भीती गेली की मन बरंचसं सोडून देतं. आठवडाभर तेच स्तोत्र ठेवा; रोज नवा अध्याय काढला की वाचन उरकतं, थांबणं राहून जातं.

कारखान्यात बॉबिन बदलताना तेच ‘प्रभू, दया कर’ एकदा म्हणा. मशीन थांबलेलं असतानाच, आणि डोळे उघडे ठेवून.